पर्वतदगडाची पुरचुंडी

उणे तीस अंशांत उलानबातरच्या टेकडीवरचा माणूस चुलीपासून हलत नाही. पण त्या रविवारी मांत्रिक ओत्गोनबुवांच्या गेरमध्ये, म्हणजे लोकरी नमद्याच्या गोल घरात, गल्लीतली सत्तर माणसं मांडीला मांडी लावून बसली होती.

बुवांनी काचेच्या मोठ्या रिकाम्या बरणीत धुमसता कोळसा सोडला. बरणी धुरानं भरल्यावर कोळसा काढला, नमद्याची एक पुरचुंडी आत टाकली आणि झाकण लावलं.

"मंडळी, चुलीचा विषारी वायू! गेल्या थंडीत खालच्या गल्लीतलं अख्खं घर झोपेतच गेलं. पुरचुंडीतला माझा पर्वतदगड हा वायू घटाघटा पितो!"

मग पाव तास डफ आणि हुंकार. झाकण निघालं तेव्हा धूर गायब! बरणी नाकानाकाखाली फिरली. वाससुद्धा नाही!

"तुम्ही काय म्हणता, मास्तर?" बुवांनी विचारलं.

गोंबोजाव मास्तर आले होते बुवांची फजिती करायला. चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस! पण उत्तरेकडची मानाची जागा मिळाली, पुढ्यात मेंढीच्या चरबीचा उत्तम तुकडा आला, आणि मास्तर विरघळले. त्यांनी पुरचुंडी उघडून पाहिली. "दगड कसला, हा तर कोळसा!"

"बघा, मास्तरांनी बरोबर ओळखला!" बुवा जराही डगमगले नाहीत.

सत्तर चेहरे मास्तरांकडे वळले. असा वर्ग निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भरला होता. "कोळशाला बारीक छिद्रं असतात," ते खाकरून म्हणाले, "वायू त्यांना चिकटतात. धडा नववा."

झालं! घरटी पुरचुंडी लागली. ऊब राहावी म्हणून लोकांनी छताच्या झडपा बंद केल्या. वायूची सूचना देणारा भोंगा घरोघरी भिंतीवर होता, पण त्याच्या बॅटऱ्या कधीच टीव्हीच्या रिमोटात गेल्या होत्या. मास्तरांच्या घरीही तेच.

आठवड्यानं भरदुपारी त्यांची नात सोलोंगो ओकली आणि कोसळली.

"कालचे मटणाचे वडे बाधले," मास्तरांनी निदान केलं.

बायको त्सेंदसुरेननं ऐकलं नाही. पोरीला पांघरुणात गुंडाळून तिनं अंगणात नेलं. तासाभरात पोर हसायला लागली. आत आणली, तर पुन्हा डोकं धरून बसली.

"बाहेर बरी, आत आजारी. वड्यांना उंबरठा कळतो होय हो?"

तिनं रिमोट उघडून बॅटऱ्या भोंग्यात घातल्या. भोंगा किंचाळला. अंगणात नेला, गप्प झाला. तिनं झडप सताड उघडली.

"यंत्र बिघडलं असेल," मास्तर पुटपुटले. पुरचुंडी भिंतीवर होती ना!

"असं? मग बुवांच्याच बरणीत घालून बघू."

पुढच्या रविवारी तिनं सगळ्यांदेखत भोंगा पुरचुंडीशेजारी ठेवला. डफ वाजला, धूर विरला. आणि बंद बरणीत भोंगा ठणाणा करू लागला.

"यंत्रात भूत शिरलंय!" बुवा ओरडले.

"माझ्या नातीतही तेच शिरलं होतं का रे?"

सत्तर माना मास्तरांकडे वळल्या. त्यांना चरबीचा तो तुकडा आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले.

"भूत नाही, माझा अर्धवटपणा. डफ वाजेपर्यंत धूर आपोआप काचेवर बसतो. वास कोळसा धरतो, तेही खरं. पण ह्या विषाला ना रंग ना वास, आणि साधा कोळसा त्याला पकडून ठेवू शकत नाही. त्यासाठी कोळशावर तांब्याचे क्षार चढवावे लागतात. तोही काही वेळानं भरतो, मग उपयोग शून्य. धड्याचं पुढचं पान मला आठवलं नाही, कारण कुणी विचारलं नाही आणि मला ते आठवायचंही नव्हतं. पोर मरता मरता वाचली, ती माझ्या शहाणपणामुळे नाही, हिच्यामुळे."

बुवा मागच्या मागे सटकले. मास्तर मात्र आठवडाभर दारोदार हिंडून पुरचुंड्या उतरवत होते, झडपा उघडत होते. शेजारणी हसायच्या, "मास्तर, आता ह्यांचं काय करू?"

"बुटांत घाला. वास जाईल. तेवढंच खरं होतं."

शेवटच्या घरी एका म्हातारीनं झडप उघडायला साफ नकार दिला. "थंडी शिरते. आणि पुरचुंडी चांगली आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात!"

"म्हणूनच सांगतो, आजी," मास्तर तिच्या भोंग्यात बॅटऱ्या घालत म्हणाले, "बुवाचं ऐकू नका आणि माझंही ऐकू नका. ह्याचं ऐका."

भोंगा किंचाळला. आजी स्वतः उठली आणि तिनं झडपेची दोरी ओढली.