वाचनालयाचा झुलता दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, तोही झुलता. मला कडी नाही, कुलूप नाही. आतून ढकला, बाहेरून ढकला, मी उघडतोच. सगळं आयुष्य तळ्यात-मळ्यात करण्यात गेलं. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही.

सुताराने स्प्रिंगची बिजागरी बसवून माझ्या पाठीवर थाप मारली होती. "हा काही एका जागी थांबायचा नाही," तो म्हणाला, आणि त्याचं बोलणं खरं ठरलं. या जुन्या कॉलेजच्या वाचनालयाला मी लागलो तो कायमचा. पेपरला जाताना माझ्या पितळी पट्टीला हात लावला की पेपर सोपा जातो, अशी कुणीतरी आवई उठवली. तेव्हापासून पट्टी चकचकीत आहे. निकालानंतर लाथाही मलाच बसतात, ते सोडा.

पुढे बिजागरी सुकली आणि मी करकरू लागलो. तेल घालायचं कुणाच्या मनात आलं नाही, उलट पोरांना खेळच मिळाला. मी करकरलो की आतले सगळे माना वर करून बोटांनी टेबलं वाजवायचे. येणारा नवखा असला तर जरा जास्तच. बहुतेक जण लाजून हसत आणि बसून घेत. हळूहळू ती कॉलेजची रीतच झाली.

एका वर्षी दोन वेण्यांची एक मुलगी आली. तिने मला अर्धवट ढकललं, मी करकरलो, टेबलं वाजली आणि ती आल्या पावली परत फिरली. दुसऱ्या दिवशी तेच, नंतरही तेच. तिच्या अभ्यासाची पुस्तकं आतच बसून वाचावी लागत, बाहेर नेऊ देत नसत. माझा आवाज तिला पळवत होता आणि मला तोंड मिटता येत नव्हतं. मी नुसता तळमळत होतो.

एका दुपारी ती माझ्यासमोरच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होती. भिंतीला कान असतात, मग मला का नसावेत?

"बाबा, मला नाही जमत इथे. सगळे बघतात नुसते... शनिवारी सामान घेऊनच येते मी. आईला सांगा, तिने दिलेलं तेलसुद्धा तसंच आहे. डोक्याला लावायचं सुचतंय कुणाला!"

फोन ठेवून तिने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि तरातरा निघून गेली. परत आली ती तेलाची बाटली घेऊनच.

"घे मेल्या, एकदाचा गप्प हो!" असं म्हणत तिने केसांतल्या पिनेने बिजागरीत तेल सोडलं. मग टाचा उंचावून बाटली माझ्या चौकटीवर ठेवली आणि मला ढकललं. मी गप्प होतो. कुणीही मान वर केली नाही. शनिवार आला आणि गेला, पण ती गेली नाही.

पण तेल सुकतं, मित्रांनो. ती शेवटच्या वर्षाला पोहोचेपर्यंत मी पुन्हा करकरू लागलो होतो. एके दिवशी एक नवखी मुलगी दारात घुटमळली. टेबलं वाजली. सगळ्यांत जोरात कोण वाजवत होतं? आमची दोन वेण्यांचीच!

नवखी मागे वळली, तशी हिची बोटं थांबली. खुर्ची मागे सारून ती धावली. मला तिने असं ढकललं की मी कितीतरी वेळ झुलत राहिलो.

"ए, थांब गं! पळू नकोस. मीपण अशीच पळायचे."

"सगळे हसतात मला."

"मीपण हसले. चुकलंच माझं." तिने चौकटीवरून धुळीने माखलेली बाटली काढली. "चल, आधी याला तेल पाजू. मग माझ्या शेजारी बस."

ती पदवी घेऊन गेली. बाटली मात्र अजून चौकटीवर आहे, कुणी ना कुणी ती भरत असतं. सध्या ती रिकामी आहे. मी करकरतो आहे, आत टेबलं वाजताहेत आणि बाहेर पायरीवर कुणीतरी मघापासून उभं आहे. माझा जीव वरखाली होतो आहे. मित्रांनो, बिजागरीला तेल घाला, पण त्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी उठा. मला उघडता येतं, 'ये' म्हणता येत नाही.