डावीकडे ओढणाऱ्या कंट्रोलरची कबुली

पंकजचे लग्न झाले ते साल २०२१. मांडवात पन्नासच माणसे चालतील असा नियम होता आणि दोन्हीकडची मिळून त्र्याण्णव आली, म्हणून निम्मी मंडळी शेजारच्या गोठ्यात बसून जेवली. मित्रांनो, त्या लग्नाच्या तीन महिने आधी मी या घरात आलो. मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात, तोच मी. अंगावर बटणे, आणि दोन अंगठ्यांखाली फिरणाऱ्या दोन छोट्या दांड्या. घरात मला कंट्रोलर कोणी म्हटले नाही. सगळे रिमोटच म्हणाले.

पंकजने मला चाकणच्या नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून हौसेने आणले. लग्न झाल्यावर तो बायकोला घेऊन तिकडे गेला, आणि "खोली बारीक हाय आई, रिमोट नंतर नेतो" असे म्हणून मला कपाटावर ठेवून गेला. नंतर म्हणजे कधी, ते त्याने सांगितले नाही. कपाटावर मी दीड वर्ष पिशवीत पडून होतो.

मला खाली काढले ते त्याच्या आईच्या आजारपणाने. तिचे नाव विमलबाई. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी यांचे गाव. तिथल्या दूध संकलन केंद्रावर विमलबाईंनी सव्वीस वर्षे दूध तपासले होते. चौतिसाव्या वर्षी त्या अक्षरे शिकल्या, त्याही डेअरीच्या पावत्यांवरून. त्यांना वाचता आलेला पहिला शब्द 'फॅट' हा होता. २०२३ च्या जानेवारीत त्यांच्या अंगावरून वारे गेले आणि डावा हात लुळा पडला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला.

"ह्यो दाबून निघतंय काय?" विमलबाई चिडून म्हणाल्या. "म्हशीची कास दाबली तर दूध तरी निघतं."

त्यांची मुलगी यशोधरा संगमनेरच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. तिने पिशवी काढली, मला झटकले, टीव्हीला जोडले आणि आईच्या हातात दिले. "चेंडू नको ना? मग हे खेळ. अंगठा फिरला म्हणजे झालं."

पहिल्या दिवशी डावा अंगठा माझ्यावर नुसता टेकला. आठव्या दिवशी तो थरथरला. महिन्याने विमलबाईंनी मोटारीच्या शर्यतीत अकराव्या नंबरावरून नवव्यावर मजल मारली आणि शेजारच्या दगडाबाईला हाक मारून दाखवले. मित्रांनो, मी पुष्कळ अंगठे पाहिले नाहीत. पण ज्या अंगठ्याला मी चालायला शिकवले तो एकच, हे मी अभिमानाने सांगतो.

हात सुधारला तशी जीभही सैल झाली. विमलबाई खेळता खेळता खेळाला शिव्या घालू लागल्या. यशोधराने एकदा ते मोबाईलवर टिपले आणि इंटरनेटवर टाकले. लोकांना आवडले. मग दर पंधरा दिवसांनी एक खेळ आणि त्याचा निकाल, असा रिवाज पडला. निकाल त्या दुधासारखाच देत. दुधातला स्निग्धांश म्हणजे फॅट, आणि तो सोडून उरणारा घन भाग म्हणजे एसएनएफ. त्यांच्या निकालात फॅट म्हणजे खेळाची गोडी. एसएनएफ म्हणजे गोडी सोडून उरणारा कस: त्यातली गोष्ट, त्याचे नियम, त्यामागचा विचार.

एका शेतीच्या खेळात बटण दाबले की गाय दूध देत असे. विमलबाई म्हणाल्या, "वासरू न्हाई, आंबोण न्हाई, गाय व्याली कवा त्येचा पत्ता न्हाई. फॅट साडेतीन, एसएनएफ चार. पावडरीचं दूध हाय." लढाईच्या एका मोठ्या खेळाबद्दल म्हणाल्या, "बंदुकीचा आवाज झकास. पन गावात चूल न्हाई, धुणं न्हाई, मानसं नुसती मरायला आनल्यात." भुताच्या खेळाला त्या पहिल्या दिवशी दचकल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "एकच भूत चारदा दिसलं की ते शेजारी हुतं. आता त्येला च्या पाजायचा तेवढा राहिलाय." शंभर तास चालणाऱ्या एका अवाढव्य खेळात त्या चाळीस तास घोड्यावरून हिंडल्या आणि एवढेच बोलल्या, "पानी घातलंय." पण ठोकळे जुळवण्याच्या एका साध्या खेळाला त्यांनी म्हशीच्या दुधाचा मान दिला: फॅट साडेसात, एसएनएफ नऊ. "कुनी तरी बसून डोकं चालवलंय," त्या म्हणाल्या.

दगडाबाई खाटेवर बसून टोमणे मारी. "विमल, माझं दूध परत केलंस तवा बी असंच तोंड केल्तंस!"

"आन् कबूल कुनी केलं? म्याच ना?"

ही गोष्ट या घरात मी इतक्या वेळा ऐकली की मला पाठ आहे. फार वर्षांपूर्वी विमलबाईंनी सगळ्या रांगेसमोर दगडाबाईचे दूध पाणी घातलेले म्हणून नाकारले. दगडाबाई रडत घरी गेली. दुपारी कळले की यंत्राच्या नळीत आदल्या दिवशीचे दूध साकळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, तीच माणसे त्याच रांगेत उभी असताना, विमलबाई ओट्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "दूध चांगलं हुतं. खोट माझ्या यंत्रात हुती." तेव्हापासून त्या केंद्राची चाल पडली. ज्या रांगेत नाकारायचे त्याच रांगेत कबूल करायचे. आणि रोज पहाटे आधी यंत्र गरम पाण्याने धुवायचे, मगच पहिला कॅन उघडायचा.

मित्रांनो, एवढी शिस्तीची बाई. पण मला कधी कोणी धुतले नाही. विमलबाई रोज सकाळी डाव्या हाताला औषधी तेल चोळून घेत आणि त्याच हाताने मला धरत. तेल अंगठ्यावरून दांडीच्या फटीत उतरे. त्यावर घरातली धूळ बसे. त्याचा चिकट मळ झाला. अंगठा नसतानाही दांडी किंचित डावीकडे झुकू लागली. मोठ्या कंपन्यांचे खेळ एवढी बारीक ओढ धरतच नाहीत, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले होते. पण मला बटणे आहेत, तोंड नाही. हे दुखणे कोणाला सांगावे?

अशात २०२४ च्या दिवाळीनंतर संगमनेरच्या मोनिका नावाच्या मुलीने आपला खेळ निकालासाठी पाठवला. मोनिका आणि तिचा एक मित्र, दोघांनीच तीन वर्षे खपून तो केला होता. खेळाचे नाव 'सकाळचा टेम्पो'. डोंगरातल्या वाड्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि दूध नासायच्या आत घाट उतरून शीतकरण केंद्रावर पोचवायचे. विमलबाई हरखल्या. "आपल्या दुधाचा खेळ केलाय पोरीनं!" म्हणून त्यांनी दगडाबाईला दाबून बसवले.

टेम्पो निघाला. पहिल्याच वळणाला डावीकडे ओढला आणि दरीच्या कठड्याला घासला. दोन कॅन सांडले. पुन्हा निघाला. पुन्हा डावीकडे. घाटाचा रस्ता अरुंद, आणि मोनिकाने चाक इतके नाजूक केले होते की माझी बारीकशी ओढही त्यात उतरत होती. मी जीव खाऊन सरळ राहायला पाहत होतो. मळ मला राहू देईना.

विमलबाईंचा चेहरा उतरला. "यशे," त्या हळूच म्हणाल्या, "माझा हात पुन्हा गेला का गं?"

यशोधराने मला घेतले. तिच्या धडधाकट हातातही टेम्पो डावीकडेच गेला.

"आई, हात नाही. खेळच तसाय."

त्या क्षणी मला किंचाळता आले असते तर! दूध दोनदा तपासले, पण यंत्र तेच होते. भीती सरली तसा विमलबाईंना राग आला, आणि तो राग आपल्या माणसावरचा होता. तो नेहमीच जास्त असतो. मोबाईलसमोर त्या म्हणाल्या, "परदेशातल्यांनी चूक केली तर कळत न्हाई म्हनून सोडू. ह्या पोरीला घाट ठावा, टेम्पो ठावा. तरी असला वाकडा टेम्पो? डायवर दारू पिऊन बसलाय. फॅट शून्य. दूध सांडलं!"

एवढा खप त्यांच्या कुठल्याच निकालाचा झाला नव्हता. दोन लाख लोकांनी तो पाहिला. 'डायवर दारू पिऊन बसलाय' हे वाक्य पोरे ढोलाच्या तालावर वाजवू लागली. आणि माझ्या रागाची गोष्ट अशी की, त्यांतल्या शेकडो लोकांनी खेळ न खेळताच त्याला पाचपैकी एकेक तारा दिला. दूध न चाखता नाक मुरडणारी ही कुठली रांग?

तीन आठवड्यांनी दारात स्कूटर थांबली. मोनिका आली होती. डोळ्यांखाली काळे, खांद्याला पिशवी. यशोधराने पाणी दिले, ते तिने तसेच ठेवले.

"आजी, भांडायला नाही आले," ती म्हणाली. "बाकीच्यांकडं टेम्पो सरळ चालतो. तुमच्याकडं का नाही, तेवढंच बघायचंय."

"बघ की. मी काय खोटं बोलते व्हय?"

"तसं नाही म्हटलं मी."

तिने पिशवीतून स्वतःचा कंट्रोलर काढला आणि विमलबाईंच्या हातात दिला. टेम्पो निघाला. पहिले वळण, दुसरे वळण, ओढ्यावरची फरशी, सगळा घाट. विमलबाईंचा डावा अंगठा पिसासारखा फिरत होता. टेम्पो केंद्राच्या दारात उभा राहिला तेव्हा एकही कॅन सांडला नव्हता. खेळातल्या ओट्यावर दूध तपासणारी एक बाई होती. ती आधी यंत्र धूत होती.

मोनिकाने मला उचलले, टेबलावर ठेवले आणि हात काढून घेतला. पडद्यावर टेम्पो आपोआप डावीकडे सरकला.

विमलबाईंनी मला मांडीवर घेतले. फटीला नखाने खरवडले. नखाला तेलकट काळे लागले. त्यांनी त्याचा वास घेतला.

"माझंच तेल," त्या म्हणाल्या. "सव्वीस वरसं यंत्र धुतलं गं मी. आन् हे न्हाई धुतलं."

"होतं असं, आजी."

"न्हाई होत. यशे, मोबाईल काढ. त्याच रांगेत सांगायचंय."

त्यांनी त्याच जागी बसून, तेच लुगडे नेसून, सगळे कबूल केले. नख दाखवले. मला दाखवले. 'सकाळचा टेम्पो'ला फॅट सात, एसएनएफ नऊ दिले. मोनिकाचे नाव घेऊन हात जोडले. ते किती जणांनी पाहावे? अकराशे.

विमलबाईंना ते समजेना. "सांडलं तवा दोन लाख हुते. गेले कुटं?"

"रांग मोडली, आई. इंटरनेटवरची रांग दुसऱ्या दिवशी उभी राहत नाही."

"मग हितं नाकारायचं तरी कशापायी?"

तोवर एकेक ताऱ्यांनी खेळ बुडाला होता. मोनिकाचा मित्र खेळ सोडून गेला. मोनिकाने पुण्यात नोकरी धरली. तिथे ती चक्र फिरवून बक्षीस मिळवण्याच्या खेळांसाठी लुकलुकणारे दिवे बनवते, असे यशोधरा सांगत होती. विमलबाईंसाठी नवा कंट्रोलर आला. मी खिडकीत गेलो. मला फेकू मात्र दिले नाही. "राहू दे. मला दिसला पायजे," असे त्या म्हणाल्या.

त्यानंतरचा प्रत्येक निकाल त्यांनी माफीने सुरू केला. कोणताही खेळ असो, आधी टेम्पोची गोष्ट, मग फॅट. असे बारा वेळा. लोक कंटाळले. 'आजीची टेप अडकली' असे कोणी तरी लिहिले. पाहणारे कमी झाले. यशोधरा म्हणाली, "आई, पुरे आता." विमलबाई म्हणाल्या, "रांग भरंपत्तुर सांगायचं." रांग काही भरली नाही.

ती भरली त्या गेल्यावर. मेल्या माणसाला पाहायला लोक येतात, तसे इंटरनेटवरही येतात. यशोधराने श्रद्धांजली म्हणून फोटो आणि फुले टाकली नाहीत. तिने तीच कबुली जशीच्या तशी पुन्हा टाकली, आणि शेवटी घाट उतरणारा सरळ टेम्पो. तीन लाख लोकांनी पाहिले. निवडून वाईट तेवढे पाहायचे, आणि चांगले पाहायला माणूस मरावा लागतो, याचा राग मी कोणावर काढू?

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे विमलबाईंच्या स्मरणविधीच्या दिवशी मोनिका पुण्याहून आली. जेवणे झाल्यावर तिने मला खिडकीतून घेतले, बारीक पेचकसाने उघडले, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून मळ काढला आणि पुन्हा बंद केले. टेम्पो सरळ गेला. या कामाला अर्धा तास लागला. मित्रांनो, अर्धाच तास.

म्हणून सांगतो. कोणाच्या तीन वर्षांच्या कष्टांना शून्य देण्याआधी आपल्या हातातली वस्तू एकदा उघडून पाहा. आमच्यासारख्यांना तोंड नसते. आम्ही फक्त एकीकडे ओढू शकतो.

मी आता ठीक आहे. पंकज मला चाकणला नेतो म्हणाला आहे.

विमलबाई गुरुवारी, १९ जून २०२५ रोजी, सकाळच्या दूध संकलनाच्या वेळी वारल्या.