चार हात आणि दोन शिंगं

मित्रांनो, मला हात चार आहेत, पण मनासारखा हलवता येईल असा एकही नाही. चेक देशात ब्रनो शहर आहे, तिथल्या एका इस्पितळातला मी शस्त्रक्रियेचा जुना यंत्रमानव. डॉक्टर पलीकडच्या खुर्चीत बसून बोटं हलवतात, तशीच माझी बोटं रोग्याच्या पोटात हलतात. रक्तवाहिन्या शिवणं हे माझं काम. पोटावर चार-पाच बारीक भोकं पुरतात.

नवा होतो तेव्हा कोण कौतुक! पण माझी खरी माणसं दोनच, डॉक्टर राडका आणि सिस्टर झ्दिस्लावा. झ्दिस्लावा माझे हात पुसून त्यांवर निर्जंतुक पिशव्या चढवायची आणि म्हणायची, "हात वर कर रे लाडोबा! आंघोळीला किती नखरे!"

तीच एके दिवशी लंगडत आली. सिगारेटी ओढून ओढून पोटातली मोठी रक्तवाहिनी बुजत चालली होती, उजव्या पायाला रक्त पोचेना. फुप्फुसंही नाजूक. राडका म्हणाली, "तुझं पोट उभं फाडायचं नाही. हाच शिवेल तुला."

"म्हणजे इतकी वर्षं न्हाऊ घातलं, त्याचे पांग फेडणार म्हण की!" झ्दिस्लावा हसली.

फेडायचे होते हो मला! पण आमच्या संचालकांना, पेशेकसाहेबांना, मला मिरवायची भारी हौस. पाहुणे आले की माझ्याकडून द्राक्षाची साल शिवून घ्यायचे. त्यापायी झ्दिस्लावाच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढे पुढे गेली आणि नेमकी मिकुलाशच्या सणाला आली. त्या दिवशी संत मिकुलाश मुलांना खाऊ देतो आणि सोबतचा सैतान द्वाड पोरांना पोत्यात घालून नरकात नेतो. पेशेकसाहेबांना सुचलं, यंदा सैतान मीच! सकाळीच मला खालच्या दालनात ढकलत नेलं. वर शिंगं बांधली, हातात पोतं अडकवलं.

राडका धावत आली. "साहेब, आज झ्दिस्लावाची तारीख आहे!"

"अहो बाई, एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय? टीव्हीवाले येतायत. उद्या घ्या तुमचं यंत्र."

दुपारी झ्दिस्लावाचा पाय गार पडला. मला वर आणून निर्जंतुक करण्याइतका वेळ नव्हता, राडकाला पोट उभं उघडावं लागलं. फुप्फुसांना ते झेपेना, काम अर्धवट सोडून टाके घालावे लागले. जीव वाचला, पाय गेला. आणि खाली पेशेकसाहेब खुर्चीत बसून बोटं हलवत होते, मी पोत्यातून चॉकलेटं वाटत होतो! पोरं खिदळत होती, टाळ्या पडत होत्या. जळो ते कौतुक!

नाताळ उलटल्यावर ती चाकाच्या खुर्चीतून मला भेटायला आली. मी कोपऱ्यात, अंगावर चादर. शिंगं कुणी काढलीच नव्हती. तिने काठीने ती पाडली.

"काय रे सैताना, एवढी द्वाड पोरं सोडून माझाच पाय सापडला होय पोत्यात घालायला?"

ती हसली, मग रडली. मग सवयीने माझा हात पुसत बसली.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, असं मी सांगणार नाही. माझी निगा तिने पुष्कळ राखली. फक्त मला मखरात बसवू नका, कामाला लावा. माझे चारही हात अजून शाबूत आहेत, आणि त्याचीच मला लाज वाटते.