धाकटी राहते त्या लॅपटॉपात

माझी आई राहते माझ्या घरी, पण तिचा जीव राहतो लॅपटॉपात. कारण तिथे माझी धाकटी बहीण राहते. म्हणजे तशी ती नोकरीसाठी लांबच्या शहरात असते, पण दर रविवारी सकाळी स्क्रीनवर उगवते, आणि आमच्या मातोश्रींचा चेहरा असा काही फुलतो की बघणाऱ्याला वाटावं, या बाईला एकच मुलगी आहे.

त्या दिवशी आईचे केस विंचरलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. इस्त्री कुणी केली? मी. कॉल कोण लावून देतं? मी. आणि मी जरा खुर्ची ओढून बसायला गेले की, "तू कर गं तुझं काम, आम्ही बोलतो." पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का गं पिल्लू?" पिल्लू! चाळिशीला आलेलं पिल्लू! इथे दोन्ही वेळा रांधणारी मी, वाढणारी मी, पण मी जेवले की उपाशी आहे, हे त्या माउलीने कधी विचारल्याचं मला आठवत नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय उगाच?

"तू जळतेस तिच्यावर," नवरा म्हणाला.

"जळतेच! न जळायला मी काय दगड आहे?"

तो पेपरात शिरला.

लॅपटॉप जुना झाला होता. बिजागरी मोडलेली, म्हणून झाकणामागे बटणांचा डबा टेकवायचा. चार्जरची वायर एका ठरावीक कोनात वाकवून धरली तरच चार्जिंग. त्यात गेल्या महिन्यापासून नवीन नाटक सुरू झालं. दहा मिनिटं बोलणं झालं की आतला पंखा घोंघावायला लागायचा, धाकटीचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं, आणि मग सगळं काळं. आई स्क्रीनवर टिचक्या मारायची, रुमालाने पुसायची, "पिल्लू, ए पिल्लू" करत बसायची. खोटं कशाला बोलू, धाकटीचं ते आ वासलेलं तोंड बघून मला जरा बरं वाटायचं.

पण आई त्या दिवशी जेवायची नाही. शेवटी मीच लॅपटॉप पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेले.

त्याने खालचं झाकण उघडलं, चिमट्याने पंख्यातून काहीतरी ओढलं आणि माझ्यासमोर धरलं. निळ्या लोकरीचा बोळा.

"ताई, हा कशावर ठेवता? याला हवा खालून लागते. कोंडून मारलात की बिचाऱ्याला."

ती लोकर मी डोळे झाकून ओळखली असती. मागच्या थंडीत मी आईसाठी शाल विणली होती. बोटं दुखेपर्यंत विणली होती. आईने ती अंगावर घेतलेली मला फारशी दिसली नव्हती, आता कळलं ती कुठे गेली ते.

घरी येऊन मी बोळा आईपुढे टाकला. "हे काय?"

"तू आत गेलीस की मांडीवर शाल घेते, त्यावर हा ठेवते आणि झाकण हाताने धरते," आई म्हणाली. "टेबलावर असला की पिल्लू लांब वाटतं गं."

घ्या! मी विणायची, आणि धाकटीला गादी व्हायची! त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली.

दुरुस्तीवाल्याचं म्हणणं होतं, लिहायला-वाचायला हा अजून चालेल, पण लांबलचक व्हिडिओ कॉलचा भार याला झेपायचा नाही. तिकडून धाकटीचा हुकूम आला, "ताई, आईला नवा घे. कॅमेरा चांगला बघून घे हं." जशी काही मी वाईटच बघून घेणार होते.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "काकू, वापर कशासाठी? ऑफिस, गेम्स, व्हिडिओ एडिटिंग?"

मी चष्मा सावरला. त्याची दांडी तुटलेली, पडद्याच्या दोऱ्याने बांधलेली, सारखी घसरते. "एक तोंड बघायचंय," मी म्हटलं. "माझं नव्हे."

मुलगी हसली, पण शहाणी होती. म्हणाली, "मग महागातला नकोच. स्टोरेज म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे ओटा. कपाट कितीही मोठं असलं तरी ओटा लहान असला की स्वयंपाक अडतो. ओटा बघून घ्या. आणि कॅमेरा इथेच सुरू करून बघा, झाकणाच्या चकाकीवर जाऊ नका."

हे मला एका दमात पटलं. तिने दोन मॉडेल शेजारी मांडली. कॅमेरा दोन्हींचा बरा, पण एकाची स्क्रीन लख्ख, दुसऱ्याच्या स्क्रीनवर सगळं काळपट, धुरकट. मला मोह झाला. धाकटी त्यात काय सुंदर दिसली असती! पण मग आई म्हणाली असती, पिल्लू खंगलंय, आणि आठवडाभर ती काळजी मलाच ऐकावी लागली असती. मी लख्खवाला घेतला.

मुलीने बजावलं होतं, घरी गेल्यावर आधी एक कॉल करून आवाज नि चित्र तपासा. म्हणून रविवारी, धाकटीची वेळ व्हायच्या आधी, नवा लॅपटॉप मी बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडला, आईला समोर बसवलं आणि जुना घेऊन आत गेले. माझं शिलाई मशीन तिथे खिडकीकडे तोंड करून आहे, दिवसभर मी तिथेच पडदे शिवत असते. मशीनवरचं कापड सरकवलं, लॅपटॉप ठेवला नि कॉल लावला.

आई दिसली. हसरी, सजलेली. "पिल्लू!" म्हणाली, आणि मग तिचं हसू मावळलं. "अगंबाई, तू होय!"

"हो, मीच. तपासतेय. ठेवते."

"थांब." आई पुढे झुकली. इतकी की स्क्रीनभर तिचे डोळेच. "चष्म्याला काय बांधलंयस?"

"दोरा. दांडी तुटलीय."

"कधी?"

"झाले की किती दिवस."

"मला कशी दिसली नाही?"

"आता काय सांगू? दिवसभर तुझ्या डोळ्यांसमोरच असते मी!" माझा आवाज चढलाच.

"कुठे समोर असतेस गं?" आई शांतपणे म्हणाली. "ओट्याशी असलीस की पाठ. मशीनवर बसलीस की पाठ. ताट ठेवतेस तेही चालता चालता. पिल्लू लांब आहे, पण माझ्यासमोर बसते तरी. तू बस म्हटलं तर उठतेस."

"तूच म्हणतेस, तुझं काम कर!"

"मग काय म्हणू? बसतेस खुर्चीच्या टोकाला, नजर आतल्या खोलीकडे. मला वाटतं, हिचा खोळंबा होतोय."

मशीनवरचं कापड चाचपडत मी मान खाली घातली. मी! नवऱ्याला सांगितलं तर त्याला खरं वाटायचं नाही.

"केस पण पांढरे झाले की गं तुझे," ती म्हणाली. स्क्रीनवरून तिने बोट फिरवलं, मला दिसलं. ती टेबलापाशी बसली होती आणि शाल तिच्या खांद्यावर होती.

एवढ्यात तिकडे काहीतरी वाजायला लागलं. आई गडबडली. "हे काय आलं मध्येच? पिल्लूचा फोटो आलाय. लाल दाबू की हिरवं?"

मी विचारसुद्धा केला नाही.

"लाल," मी म्हटलं.

आईने दाबलं. वाजायचं थांबलं. मग ती खुर्चीत नीट टेकून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हं, आता सांग," ती म्हणाली. "जेवलीस का गं?"

सकाळी सगळ्यांना वाढून मी तशीच दुकानात दोरा आणायला गेले होते. "नाही," मी म्हटलं, आणि खुर्ची स्क्रीनजवळ ओढून घेतली.