दोन ऋण रेणू आणि आबांची सही

समान विद्युत भार एकमेकांना दूर ढकलतात, हे वाक्य श्रीकांत दाणींनी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी लाल पेन खिशातून उतरलं नव्हतं. लग्नपत्रिकासुद्धा ते तपासत. एकीला तर दहापैकी चार दिले होते.

त्या दुपारी नात चिन्मयी लॅपटॉप उघडा टाकून सदर बाजारात कचोरी आणायला गेली. पडद्यावर तिच्या सिम्युलेशनमधले दोन रेणू, एक ढोल्या, एक बारका. दोघेही ऋण भाराचे, आणि निर्लज्जासारखे चिकटलेले! श्रीकांत आबांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. चार वाजता पोरगी हे पीएचडीच्या गाइडना ऑनलाइन दाखवणार होती. त्यांना पटलं तरच शोधनिबंध लिहायची परवानगी. घरात फिजिक्सचा मास्तर असताना ही शोभा?

शेजारच्या फाइलमध्ये ‘पोलरायझेशन’ चालू असल्याची ओळ होती. हेच ते खूळ, असं ठरवून आबांनी ते बंद केलं आणि रन, म्हणजे तो सगळा हिशोब, पुन्हा लावला. गृहपाठ विसरलेली पोरं पळावीत तसे रेणू पळाले.

साडेतीनला चिन्मयी परतली.

“हे काहून पळून राहिले? सकाळी तर चिकटले होते!”

आबा वर्तमानपत्रात शिरले. तिने फाइल उघडली. बदललेल्या ओळीशेजारी लिहिलं होतं, ‘तपासले. श्री. दा.’ खाली तारीख. सही न करता दुरुस्ती करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

“आबा!”

“मला वाटलं, चुकलं तुझं.”

“अहो, बारका अगदी जवळ आला की ढोल्यातला ऋण भार पाठीमागे सरकतो. समोरची बाजू धन होते. म्हणून चिकटतात.”

“पण नियम...”

“नियम तोच आहे. भार जागेवर बसत नाहीत. तुमची वर्गातली पोरं बसायची?”

“नाही,” आबा प्रामाणिकपणे म्हणाले.

तिने घाईघाईने जुनी ओळ परत घातली. रन जेमतेम संपला आणि गाइड पडद्यावर आले.

“सेम चार्ज हैं, बेटा, चिपकेंगे कैसे? कहीं गलती की है तुमने.”

चिन्मयी घाईने फाइल चाळू लागली. स्टाफ मीटिंगमध्ये चौतीस वर्षं तोंड न उघडलेल्या आबांनी कॅमेऱ्यात मान घातली.

“गलती नहीं है, सर. गलती हम कर चुके. पोलरायझेशन बंद करो तो भागते हैं, चालू करो तो चिपकते हैं. दोनों रन हैं.”

गाइडनी दोन्ही रन पाहिले. दोनदा पाहिले.

“हं. लिखना शुरू करो. और ये कौन हैं?”

आबा केव्हाच कॅमेऱ्याबाहेर सरकले होते.

“मेरे आबा, सर. फाइल इन्होंने चेक की है,” चिन्मयी म्हणाली. “दस्तखत के साथ.”