जड बाजू

पिराजीनं दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता, हातात हॉस्पिटलची फाईल होती आणि दारात तीस-चाळीस माणसं त्याची तिरडी बांधत होती.

काम रीतसर चाललं होतं. दोन हिरवे कळक आडवे टाकलेले, त्यांवर कामट्या, सुतळीचा गुंडा, पायरीशी मडकं. शिवाजी पेठेत हे काम कुणाला शिकवावं लागत नाही. त्यातून तिथं जमलेल्या निम्म्या लोकांना गाठ कशी मारायची हे खुद्द पिराजीनंच शिकवलं होतं. त्यामुळे त्याची नजर आधी गाठीवर गेली.

"ही कुणी मारली? वाटंत सुटंल की," तो म्हणाला. "आणि गेलं कोण?"

शेजारच्या बाळासोच्या हातातली सुतळी खाली पडली.

"आण्णा," बाळासो म्हणाला, "तुम्हीच की."

 भिंतीला टेकून पिराजीचा दोस्त मीरासाब लहान पोरासारखा रडत बसला होता. त्यानं मान वर केली. पिराजीला पाहिलं. उठला, डोळे पुसले आणि पुढं येऊन त्यानं पिराजीच्या उजव्या खांद्यावर थाडकन हात मारला.

"आई गं!" पिराजी ओरडला.

त्यानंतर मात्र तो जिवंत असल्याबद्दल कुणालाच शंका राहिली नाही.

चूक सुनेची होती, पण तिचा हेतू चांगला होता. पिराजीच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलेलं. घर उद्या बंद असेल, हे चार लोकांना कळावं म्हणून स्नेहलनं पेठेच्या ग्रुपवर आदल्या संध्याकाळी टाकलं होतं : 'आण्णांचा खांदा उद्या सकाळी नऊ वाजता आहे.' ऑपरेशन हा शब्द वाचून लोक घाबरतील म्हणून तिनं तो गाळला होता. तिचं माहेर कळंब्याचं. तिकडं खांदा हा शरीराचा अवयव असावा. संदेशाखाली सकाळपर्यंत सत्तर जणांनी हात जोडले. स्नेहलला वाटलं, शुभेच्छा.

"मेला न्हाईस व्हय?" मीरासाबनं विचारलं.

"न्हाय अजून."

"मग सांगायचं न्हाय? सकाळधरनं पाण्याचा घोट घेतला न्हाय मी."

"मी तरी कुठं घेतलाय? उपाशीपोटी या म्हणून सांगितलंय त्यांनी."

"आण्णा, ह्या कळकांचं काय करायचं?" बाळासोनं विचारलं.

पिराजीनं क्षणभर विचार केला. "ठेव कोपऱ्यात. पेठ हाय. लागतील."

लागले. चौथ्याच दिवशी.

पिराजी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाला होता. रस्त्यातलं झाकण काढायचं, लांब लोखंडी चावी आत घालायची, तिच्या आडव्या दांड्याला दोन्ही हातांनी भिडायचं आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. मग पेठेला पाणी. चौतीस वर्षं त्यानं हे केलं. लोक त्याला पाणी आल्यावर विसरत आणि न आल्यावर नावानिशी आठवत. कायमची आठवण राहावी असं त्याचं काम दुसरंच होतं. पेठेत कुणी गेलं की पुढचा उजवा खांदा पिराजीचा आणि पुढचा डावा खांदा मीरासाबचा.

मीरासाब गाद्या शिवायचा. दोघांची उंची एक, पाच फूट चार इंच, आणि हीच त्यांच्या दोस्तीची सुरुवात. कुणाच्या तरी आजोबांची तिरडी नेताना पुढची जोडी लहान-मोठी निघाली, आजोबा एका अंगाला घसरायला लागले, तेव्हा गर्दीतून सारख्या उंचीचे दोघं शोधून काढले गेले ते हे. त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून मयत हिंदूचं असो की मुसलमानाचं, जोडी फुटली नाही.

आणि चाळीस वर्षं एकच भांडण. स्मशानातून परत येताना, चहाच्या गाड्यावर, मीरासाब डावा खांदा चोळत म्हणायचा, "माझी बाजू जड असती. तू नुसता हात लावून चालतोस."

"मेल्यावर माणूस काय एका अंगाला सरकतंय व्हय?"

"सरकतंय. हृदय डावीकडं असतंय."

"मग ते माझ्या बाजूला येतंय. मी तिरडीच्या डाव्या अंगाला असतो, खुळ्या."

"तू कुठल्याबी अंगाला अस. जड माझी बाजू."

याच्यावर निकाल लागला नव्हता. लागण्यासारखा नव्हताच. दोघांतला एक कुणीतरी वर आडवा झाल्याशिवाय जागा बदलायची नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण झालं तसंच होतं.

साठीला पिराजीचा खांदा धरला. आधी मलम झालं, मग शेक, मग पट्टा, मग दोन इंजेक्शनं. तज्ज्ञ डॉक्टरांनी विचारलं, "दुखणं कशानं वाढतं?"

"मयतानं," पिराजी म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ऑपरेशन लिहून दिलं.

ऑपरेशन उत्तम झालं. तसं कागदावर लिहिलेलंच होतं. चार महिन्यांनी पिराजी फाईल घेऊन पुन्हा गेला.

"एमआरआय अगदी स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले.

"दुखतंय पण."

"रिपोर्टमध्ये काही नाही."

"रिपोर्टचं न्हाय, माझं दुखतंय."

डॉक्टर माणूस चांगला होता. त्यानं आणखी दोन महिने व्यायाम दिला, गोळ्या बदलल्या, आणि मग हात वर केले. पिराजी त्या हातांकडं बघत राहिला. किती सहज गेले वर. "आता याच्यासोबत राहायला शिका," डॉक्टर म्हणाले.

पिराजी शिकला. डाव्या हातानं भांग पाडायला शिकला; भांग तेव्हापासून शेजारच्या बाळासोच्या घराकडं वळला. सदऱ्याची वरची दोन बटणं तानाबाई लावायची. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, इतक्या जवळून इतक्या वेळा तिनं त्याच्याकडं कधी बघितलं नव्हतं. व्यायाम म्हणून भिंतीवर बोटं चालवायची असत. दर रविवारी बोटं जिथवर पोचतील तिथं तानाबाई पेन्सिलीनं रेघ मारायची. रेघा चढत चढत स्विचबोर्डापर्यंत गेल्या आणि थांबल्या. दिव्याचं बटण हाताला येत होतं. पंख्याचं वीतभर वर होतं.

"दिवा लागतोय की," तानाबाई म्हणाली. "पंखा तुम्हीच लावायचा म्हणून कुणी सांगितलंय?"

घरातलं हे असं निभत होतं. निभत नव्हतं ते बाहेरचं. ऑपरेशननंतर गळ्यातली झोळी सुटल्यावर पहिल्या मयताला पिराजी गेला, सवयीनं पुढं झाला, हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. चार माणसं आणि एक मयत त्याच्यासाठी खोळंबलं. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "आण्णा, तुम्ही आमचे टॉवेल धरा." तालमीतला आदर्श पुढं झाला.

खांदेकऱ्यांचे टॉवेल धरून पिराजी स्मशानापर्यंत गेला. त्यानंतर त्यानं मयताला जाणं सोडलं. पेठेत मयताचं वाजायला लागलं की तो आत जाऊन रेडिओ लावायचा.

मीरासाब मात्र प्रत्येक वेळी परत येताना दारात थांबून बातमी देऊन जायचा. "आदर्श सहा फूट हाय. त्याच्या खांद्यावरनं मयत सगळं माझ्याकडं वाहत येतंय. बाजू आणिकच जड." एकदा त्यानं एक छोटी उशी आणून दिली, सावरीच्या कापसाची. झोपताना काखेत धरायला. म्हणाला, "डॉक्टरच्या गोळीपरास हिला चव कमी, पण गुण येईल." त्या उशीनं पिराजीला सलग तीन तास झोप मिळू लागली. तीन तासांची तक्रार त्यानं मीरासाबकडं केली, चौथ्यासाठी.

त्याच वेळी मीरासाब म्हणाला होता, "असं करू या. तू डावा दे. मी उजवीकडं जातो."

"न्हाय."

"का?"

"डावा तुझा हाय."

"मी देतोय की."

"जड बाजू माझ्या गळ्यात मारतोस व्हय?" पिराजी म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

मीरासाबच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांचा आनंद पसरला. "म्हणजे जड हाय!"

"न्हाय म्हटलं ना. हाय तशीच हाय ती. पण नको."

ऑपरेशनला अकरा महिने झाले असतील. सकाळी दहाचा सुमार. पिराजी भिंतीवर बोटं चालवत होता. स्नेहल फोन घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"आण्णा, मीरासाबचाचा गेले म्हणून मुनव्वरनं ग्रुपवर टाकलंय."

"गेला असंल गडमुडशिंगीला. लग्नाच्या गाद्या हाईत तिथं, काल म्हणत हुता."

"आण्णा, तसं नाही..."

"अगं, तूच न्हाईस व्हय मला मारलं हुतंस ग्रुपवर?" पिराजी हसला. "आता त्याची पाळी. थांब, बघूनच येतो."

तानाबाईनं काही बोलायच्या आत त्यानं चपला घातल्या. वरची दोन बटणं तशीच उघडी. दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत त्यानं वाक्य तयार केलं होतं. गेल्या वर्षीचं उसनं होतं, ते फेडायचं होतं. मीरासाबच्या दारात चपलांचा ढीग दिसला. तसा तर त्याच्याही दारात होता की. पिराजी उंबऱ्यात उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला :

"काय रं, मेला न्हाईस व्हय?"

घरातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मीरासाबनं वळवली नाही.

पिराजीचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते कुठं ठेवायचं हे त्याला कळेना. घरभर गाद्याच गाद्या, नव्या, जुन्या, अर्धवट शिवलेल्या. आणि माणसं मात्र सगळी उभी. कुणीही बसलेलं नव्हतं.

"काका," मीरासाबचा पोरगा मुनव्वर म्हणाला, "सुईत दोरा ओवला आणि पडले. डॉक्टर येऊन गेला. काय उपयोग झाला न्हाय." मग, काहीतरी बोलायचं म्हणून, तो म्हणाला, "सुई गावंना झालीया. म्हणून कुणी बसंना."

पिराजी खाली वाकला. मीरासाबच्या सदऱ्याच्या कॉलरला, डाव्या बाजूला, सुई टोचलेली होती. दोरा होता. काम थांबलं की ती तिथंच टोचायची, ही चाळीस वर्षांची रीत. ती घरात सगळ्यांना माहीत होती, आज कुणाला आठवली नव्हती. पिराजीनं ती डाव्या हातानं काढली. टोचू नये म्हणून हळूच.

मग माणसं बसली. मीरासाबच्या बायकोनं, रोशनबीनं त्याच्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "भावजी, कालच म्हणत हुते. पिराजी न्हाय तर बरोबर चालायला मजा न्हाय."

जनाजा दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर निघाला. पिराजी गर्दीच्या शेवटी होता, डाव्या हातानं उजवा कोपर धरून. सकाळी सगळ्यांनी माना वळवल्या आणि मीरासाबनं वळवली नाही, तेव्हा बसलेला धक्का अजून उतरला नव्हता. पुढं खांदे बदलत होते. जनाज्याची ती पद्धतच असते. एकानं चार पावलं द्यायची, बाजूला व्हायचं, दुसऱ्यानं शिरायचं, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत पाळी पोचते. पिराजीनं ती शेकडो वेळा पाहिली होती. इतर वेळी तो तिच्यावर चिडायचा. धरलं की सोडायचं नाही, हा त्याचा बाणा. आज तो मोजत होता की आपल्यापुढं किती माणसं राहिली.

फारशी राहिली नव्हती. मुनव्वर मागं आला.

"काका, चला."

"हात वर हुत न्हाय रं माझा."

"उजवा हुत न्हाय." मुनव्वर म्हणाला. "पुढच्या डाव्याची जागा मोकळी हाय."

पिराजीनं पुढं पाहिलं. खरंच होती. कुणीतरी आत्ताच बाजूला झालं होतं आणि दुसरं कुणी शिरलं नव्हतं.

तो गेला. डावा खांदा दांड्याखाली घातला. पण दांडा टेकलाच नाही. पलीकडं आदर्श होता, मागं येऊन शिरलेला मुनव्वर आणि त्याचा मेहुणा, सगळी उंच माणसं. जनाजा पिराजीच्या डोक्याच्या पातळीवर तरंगत चालला होता आणि पिराजी खालून नुसता हात लावून चालला होता.

"आदर्श," तो म्हणाला, "खाली घे."

"काय आण्णा?"

"खाली घे म्हणतो. बसंना झालाय."

आदर्शनं मागं पाहिलं. मग त्यानं गुडघे वाकवले. मागच्या दोघांनी वाकवले. तालमीत बैठका मारताना अर्ध्यावर थांबावं तसे तिघं वाकून चालू लागले आणि मीरासाब वीतभर खाली आला.

दांडा पिराजीच्या खांद्यावर बसला.

चार पावलं झाली. आठ झाली. कुणी त्याला बाजूला करायला आलं नाही. गल्लीचं वळण आलं, गेलं. आदर्शच्या मांड्या थरथरत होत्या, पण तो सरळ झाला नाही. पिराजीचा चेहरा लाल झाला होता, वरची दोन बटणं उघडी होती.

"आरं," पिराजी म्हणाला. "जड हाय की रं."

भोवतीची माणसं एका सुरात कलमा म्हणत होती. त्यांना वाटलं, पिराजीआण्णाही काहीतरी म्हणतायत. त्यांनी आवाज जरा खाली घेतला.