मारायचं नाही

चौथ्या मिनिटाला माझं नाक खाजलं आणि मी बाद झालो. सातव्या मिनिटाला पायाला मुंग्या आल्या म्हणून माझी बायको नीता उठली. ऋता मात्र बसूनच. क्लेमेंटीतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, भिंतीला पाठ, गुडघे वर, मांडीवर बंदुकीऐवजी छत्री. बावीस मिनिटं झाली तरी पोरीची पापणी हलेना. टॅबलेटवर आयोवाहून माझा थोरला भाऊ, शिरीषदादा, बघत होता. ही परीक्षा त्यानेच लावली होती. टर्कीची नजर भयंकर असते, म्हणाला, नुसतं बोट हललं तरी पक्षी पसार. हात चुकून उचललाच गेला तर खाली आणताना घाई करायची नाही, इतका हळू आणायचा की पक्ष्याला कळताच कामा नये.

"असं बसणारा मी आजवर एकच माणूस बघितलाय," तो शेवटी म्हणाला.

कोण, म्हणून मी विचारलं.

"मी," म्हणाला, आणि हसला नाही.

मला काय, अभिमानच वाटला. शेवटी पोरगी कुणाची!

बेत असा होता. नोव्हेंबरात शाळेला सुट्टी लागली की दादाकडे जायचं, आणि तिथून गाडीने नदीपलीकडच्या राज्यात टर्कीच्या शिकारीला. मी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेची खाती जुळवतो, तेव्हा स्वस्तात कसं बसवायचं हे मला कुणी शिकवू नये. परराज्यातल्या माणसाला शिकारीचा परवाना महाग पडतो, पण मुलांना जवळजवळ फुकट. म्हणून परवाने दोनच, दादाचा आणि ऋताचा. आम्ही नुसतं शेजारी बसायचं. रान दादाच्या मित्राचं, बंदूक दादाची, मोटेलात चौघांत एक खोली, डबे घरून. तिकिटं दोनदा विमान बदलायला लावणारी, पैसे परत न मिळणारी. नीता म्हणाली, अरे, लोक सुट्टीत बालीला जातात. म्हटलं, लोकांना जाऊ दे.

खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. ऋता चौदा वर्षांची. गेली दोन वर्षं मी घरात आलो की तिच्या खोलीचं दार लागायचं. काही विचारलं तर 'ओके', नाहीतर इथल्या पोरांच्या इंग्रजीतलं 'नथिंग ला' असलं काहीतरी, तेही मोबाइलकडे बघत. मला फक्त एक सकाळ हवी होती. एका झाडाला पाठ लावून मी आणि माझी मुलगी, खांद्याला खांदा लावून, तासभर. बस्स. एवढ्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची माझी तयारी होती.

आमच्या वडिलांच्या, नानांच्या, शेजारी मी असा कधी बसलो नाही. नाना साताऱ्याला हेडमास्तर. चिंचेचा फोक रात्रभर पाण्यात घालून ठेवायचे, म्हणजे सकाळी तुटत नाही. मी किंचाळायचो, पलंगाखाली घुसायचो. दादा उभा राहायचा. हलायचा नाही, रडायचा नाही, नजर खाली फरशीवर. एकदा फोक कानावर बसला आणि रक्त कॉलरपर्यंत ओघळलं, तरी हा उभा. त्या कानाने त्याला अजून नीट ऐकू येत नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्या घरात असलं काही चालणार नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. आता तुम्ही नाक मुरडाल. आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानात बादल्या-झाडूंच्या शेजारी वेताच्या छड्या टांगलेल्या असतात, रंगीत प्लॅस्टिकच्या मुठीच्या. रोतान म्हणतात इथे. ऋताच्या सहावीच्या परीक्षेच्या वर्षी मीही एक आणली, पिवळ्या मुठीची. फ्रिजच्या बाजूला अडकवलेली असते. पाच-सहा वेळा वापरली असेल, जास्तही असेल. नानांच्या मानाने मी संत माणूस, असं मी स्वतःला सांगायचो आणि मला ते पटायचं.

तर पुढच्या रविवारी दादा नेम कुठे धरायचा ते समजावत होता. छातीवर नाही, मान जिथे डोक्याला मिळते तिथे. त्याने एक व्हिडिओ लावला. पक्षी ऐटीत चालत आला, बार झाला, मान एकीकडे लोंबली आणि धड वाळक्या पानांत पंख आपटत राहिलं. पानांवर रक्त उडत होतं. दादाने बुटाखाली मान दाबून धरली तेव्हा कुठे ते थांबलं. मी तर खुर्चीच्या टोकावर आलो होतो. वा, म्हटलं, एका बारात!

ऋताचं तोंड पांढरं पडलं होतं. ती उठून भिंतीपाशी गेली. मराठी तिला जपून बोलावं लागतं, एकेक शब्द शोधून.

"बाबा, मला मारायचं नाही," ती म्हणाली.

मी काय ऐकलं ते सांगतो. मी हुकूम ऐकला. मला मारायचं नाही, समजलं? तेही दादासमोर, मी हात उचललेला नसताना. जसा काही मी रोज उठून पोरीला बडवतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण मारतंय तुला? कधी मारलं मी?"

"No lah, I mean..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी तिच्या थोबाडीत दिली. तिचं डोकं भिंतीवर आपटलं, त्याचा आवाज आला. मग मी फ्रिजकडे गेलो. नीताने माझा दंड धरला, मी तिला ढकललं, ती टेबलावर आपटली आणि पाण्याचा जग खाली पडून फुटला. मी काचांवरून चालत आलो. दोन पोटऱ्यांवर मारल्या, एक दंडावर, मग मोजल्या नाहीत. मी कधी मारलं तुला, बोल, कधी मारलं, असं ओरडत होतो आणि छडी चालूच होती. हे मी लपवत नाही.

ऋता हलली नाही. हात आडवे घातले नाहीत, रडली नाही. भिंतीला पाठ, नजर खाली फरशीवर, पापणी लवत नव्हती. तशीच, त्याच जागी, त्या दिवशी बावीस मिनिटं बसली होती तशी.

"रवी." टॅबलेटवरून दादाचा आवाज आला. तो ओरडला नाही. "ती टर्कीबद्दल बोलत होती."

मी थांबलो.

"तिला टर्की मारायची नाही, एवढंच म्हणाली ती." मग म्हणाला, "ती इतकी स्थिर कशी बसते, ते मला त्या दिवशीच कळलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

माझ्या पायातून रक्त येत होतं. छडी हातातच होती. पिवळी मूठ घामाने निसटत होती, तरी मला ती सोडता येईना. शेवटी नीताने माझी बोटं एकेक करून उघडली.

तिने वळांचे फोटो काढून ठेवले. कशाला, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आम्ही दोघी जाऊ. तू येणार नाहीस." मी म्हटलं, माझ्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. काय बोललो मी! याहून हलकट वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही. "माहितेय," ती म्हणाली.

दादाने ऋताचा परवाना काढलाच नाही. तिच्यासाठी दुर्बीण घेतली, असं त्याने नीताला कळवलं. मला नाही कळवलं.

चांगी विमानतळावर बॅगा मीच ढकलल्या. ऋताने त्या उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. आत जायच्या दाराशी मी तिला सॉरी म्हणालो. इंग्रजीतच म्हणालो, मराठीत तोंड उघडेना. "ओके," ती म्हणाली, आणि आईच्या मागून निघाली. नीता आत गेली. ऋता दारात एकदा मागे वळली. ती वळेल असं मला वाटलं नव्हतं. मला इतकं भरून आलं की मी टाटा करायला झटकन हात वर केला.

ती जागच्या जागी थांबली. खांदे आत ओढलेले, नजर खाली फरशीवर, पापणीसुद्धा हलत नव्हती. मागची माणसं तिला वळसा घालून आत जात होती.

मी हात खाली आणला. दादाने शिकवलं होतं तसा, अगदी हळू. पँटच्या खिशात घातला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच ठेवला.